संरक्षित कार्यशाळेत जाणारा माणूस कामगार की प्रशिक्षणार्थी?

मुलुंडची ताई:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे आणि त्याला बौद्धिक अक्षमता आहे. विशेष शाळा संपल्यावर तो जवळच्याच एका संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे फक्त अपंगांसाठी चालवल्या जाणाऱ्या कामाच्या जागी, जाऊ लागला, त्याला आता २२ वर्षे झाली. पाकिटे चिकटवणे, फायलींना नाड्या ओवणे, दिवाळीआधी पणत्या रंगवणे ही कामे तो मन लावून करतो. पन्नास पाकिटांचा गठ्ठा झाला की रबर लावण्यापूर्वी तो टेबलावर आपटून कडा सारख्या करतो, आणि घरी वर्तमानपत्रांच्या रद्दीलाही तेच करतो. महिनाअखेरीस हाती येणाऱ्या रकमेला तो ‘पगार’ म्हणतो. नोंदवहीत मात्र ‘विद्यावेतन’ लिहिलेले असते आणि त्याच्या नावापुढे ‘प्रशिक्षणार्थी’. गेल्या महिन्यात बँकेच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावे, हे मला कळेना. कार्यालयात विचारले, तर “पूर्वीपासून असेच लिहितात” एवढेच उत्तर मिळाले. हे ‘पूर्वीपासून’ म्हणजे केव्हापासून? या कार्यशाळांचा इतिहास कोणी सांगू शकेल का?

वेतकाम शिक्षक, निवृत्त:
ताई, अंधांच्या कार्यशाळेत माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे माझे सांगणे त्या बाजूने अधिक येईल. कार्यशाळा ही शाळेच्या आणि धर्मादायाच्या पोटी जन्मली, कारखान्याच्या नव्हे, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ मला तिथेच दिसते. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे १७९३ मध्ये अंधांसाठी जे आश्रयगृह निघाले, तिथे टोपल्या आणि गाद्या करण्याचे काम दिले जाई. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी लंडनमध्ये १९१५ साली सेंट डन्स्टन्स ही संस्था सुरू झाली. मुंबईत दादरची अंधशाळा १९०० ची आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाने पुढे जायचे कुठे, या प्रश्नावर ‘शाळेसारख्याच जागी, पण हाताला काम असलेल्या’ हेच उत्तर त्या काळी सुचण्यासारखे होते.

स्वातंत्र्यानंतर या कामाला वेग आला. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र काढले, आणि हाजीअलीच्या परिसरात उपचारांबरोबरच अपंगांच्या रोजगाराचेही काम उभे राहिले. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची स्थापना मुंबईतच १९५२ साली झाली. १९६८ मध्ये केंद्र सरकारचे व्यावसायिक पुनर्वसन केंद्र मुंबईत सुरू झाले, आणि अपंगांना समान संधी मिळावी म्हणून काम करणारी चेंबूरची नॅसिओ ही संस्थाही त्याच वर्षीची.

आमच्याकडे मुख्य काम वेताच्या खुर्च्या विणण्याचे. वेताची साल पाण्यात भिजवून मऊ करायची, चौकटीच्या भोकांतून उभे, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि मग तिरके पेड घालायचे, आणि प्रत्येक पेड ओला असतानाच ताणायचा. तिरका पेड चुकीच्या बाजूने गेला तर डोळस माणसाला ते चटकन दिसत नाही, पण शिकलेल्या अंध कारागिराची तर्जनी तिथेच थांबते. अशा माणसाला पंधरा-पंधरा वर्षे ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून हजेरीपटावर सही करताना मी पाहिले आहे, आणि ते मला तेव्हाही पटत नव्हते. पुढे साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि सरकारी कार्यालयांकडून येणारे विणकाम आटत गेले. कौशल्य होते तसेच राहिले, गिऱ्हाईक गेले.

ठाण्याचा वकील:
शिक्षकांनी सांगितलेल्या इतिहासाला कायद्याचीही एक बाजू आहे. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने किमान वेतन ठरवले, पण त्याच कायद्यात अपंग कामगारांना त्याहून कमी देण्याचा परवाना मिळण्याची सोय ठेवली. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही, अपंग कर्मचाऱ्यांच्या वेतनाला तो कायदा लागू होणार नाही असा आदेश देण्याचा अधिकार कलम २६ ने सरकारला दिला होता. महाराष्ट्रात तर ‘विशेष शाळा व कार्यशाळा’ हे शब्द अनुदानाच्या कागदपत्रांत जोडीनेच येतात, आणि शाळा म्हटले की आत बसलेला माणूस विद्यार्थी ठरतो.

दुसरा मार्ग ब्रिटनने धरला होता. तिथे १९४४ च्या कायद्यानंतर अपंगांना रोजगार देण्यासाठी रेम्प्लॉय ही सरकारी कंपनी निघाली, १९४६ मध्ये तिचा पहिला कारखाना सुरू झाला, आणि तिथली माणसे नोकर होती, पगार घेत होती. शेवटचे कारखाने २०१३ मध्ये बंद झाले. दरम्यान अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आला, भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली, आणि त्या कराराच्या समितीने २०२२ मध्ये वेगळ्या कार्यशाळांतून खुल्या नोकऱ्यांकडे जावे, अशी स्पष्ट भूमिका घेतली. ताई, एक विचारतो: तुमच्या भावाला ठरावीक रक्कम मिळते की नगावर?

माहीमची आई:
समितीचे म्हणणे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. तरीही माझ्या मुलाची कार्यशाळा बंद झाली तेव्हा खुली नोकरी दारात उभी नव्हती. तो आठ महिने खिडकीत बसून होता आणि रोज सकाळी डबा भरायला सांगत होता. म्हणून कार्यशाळा बंद करण्याआधी पुढची जागा तयार हवी, एवढी माझी विनंती आहे.

मुलुंडची ताई:
सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, हिशेब नगावर आहे, शेकड्यामागे ठरलेला दर आहे. पाकिटे एका औषध दुकानदाराला जातात.

ठाण्याचा वकील:
मग माल विकला जातो आणि दर नगावर आहे, हे दोन्ही मुद्दे, तो शिकत नसून काम करतो असे म्हणण्यासाठी, महत्त्वाचे आहेत. मागील तीन वर्षांच्या नोंदवहीची प्रत आणि शेकड्याचा दर शेवटचा केव्हा वाढवला याची माहिती संस्थेकडे लेखी मागा. पत्राखाली तुमच्याबरोबर भावाचीही सही घ्या, कारण काम त्याचे आहे. ‘प्रशिक्षण’ कशाचे चालू आहे आणि ते केव्हा पूर्ण होणार, हाही प्रश्न त्याच पत्रात विचारा.