मदत हवी आहे: जमिनीतून ऐकणाऱ्या वंशाला दिशा कशी कळेल?

मंडळी, कथेसाठी सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या अंगाला राहणारा एक काल्पनिक वंश रचतोय. त्यांना कानाची पाळी नाही, पडदाही नाही. जबडा जमिनीला टेकला की सापासारखी कंपनं हाडातून थेट आतल्या कानात जातात. उभ्याने हत्तीसारखं तळव्यांतून. इथवर ठीक.

घोडं अडलंय दिशेवर. माणसाच्या दोन कानांत आवाज पोचायला फार तर ०.७ मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि मेंदूला तेवढा पुरतो. यांचे पाय अर्धा मीटर फाकलेले धरू. भुसभुशीत काळ्या मातीत लाटेचा वेग सेकंदाला २०० मीटर धरला, तर २.५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे चैनच. पण अखंड काळ्या कातळात वेग ५००० मीटर धरला की उरतात ०.१! शिवाय माती आवाज लवकर गिळते, कातळ लांबून आणतो. म्हणजे जिथे दिशा कळते तिथे पल्ला नाही, आणि उलट. वैशाखात मातीला भेगा पडल्या की लाट तिथेच अडखळणार, ते वेगळंच.

कातळावर पालथं पडून हात-पाय ताणले तर दीड मीटरला ०.३ मिळतात. एवढ्यावर बाजू ओळखता येईल, की लाटेच्या जोराचा फरकही लागेल?

दुसरं, जमिनीत वरच्या पट्टीचे आवाज आधी विरतात. मग 'स', 'श' त्यांच्या भाषेतून काढू का? टाचेच्या ठोक्यांची भाषा मला जरा सोपी पळवाट वाटते.

आणि कळण्याची भाकरी चावताना जबडाच वाजणार, तेव्हा पहाऱ्यावरच्याने जेवायचं कसं?