लयकारिका स्वतःलाच का पचवत नाहीत?

प्रश्न: प्रथिने, मेद, न्यूक्लिक आम्ले असे सगळेच पचवणारी विकरे (एन्झाइम) लयकारिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलाने वेढलेल्या पाचक पिशवीत (लायसोसोम), असतात. मग ती तिचेच पटल का खात नाहीत? आणि लयकारिका फुटली तर पेशी मरते का?

प्रतिसाद १: खरी मेख सामूत (pH) आहे. लयकारिकेच्या आत सामू 4.5 ते 5, बाहेर पेशीद्रवात 7.2च्या आसपास. म्हणजे आत हायड्रोजन आयन शंभरपटीहून जास्त! पटलातला प्रोटॉन पंप एटीपी हे पेशीचे ऊर्जा-रेणू खर्चून ते हायड्रोजन आयन सतत आत ढकलत असतो. आतली बहुतेक विकरे आम्लातच नीट चालतात, त्यामुळे एखाददुसरी लयकारिका फुटली तरी ती पेशीद्रवात थंडावतात. पटलाच्या आतल्या बाजूच्या प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्यांचा दाट थर असतो, त्यामुळे पटल बचावते. मात्र एकदम पुष्कळ फुटल्या तर पेशी मरू शकते, कारण कॅथेप्सिन बी सारखी काही विकरे उदासीन सामूतही थोडा वेळ चालतात.

प्रतिसाद २: हे प्रयोगात पडताळता येते. जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन द दुव्ह यांना लयकारिकांचा सुगावा असाच लागला. यकृताच्या ताज्या लगद्यात आम्ल फॉस्फेटेज हे लयकारिकेतले विकर फारच कमी भरले, तोच लगदा काही दिवस फ्रिजमध्ये राहिल्यावर ते कितीतरी वाढले. विकर पटलाआड कोंडलेले होते. लयकारिका हे नाव 1955चे.

करून पाहायचे असेल तर लगदा 0.25 मोलर सुक्रोजमध्ये, 4 अंशांवर करा. साध्या पाण्यात लयकारिका परासरणाने फुगून फुटतात. मग एका नळीत ट्रायटन (पटल विरघळवणारे डिटर्जंट) घालून आणि दुसरीत न घालता आम्ल फॉस्फेटेज मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर लयकारिका आधीच फुटलेल्या आहेत. हमखास होणारी चूक म्हणजे सामू 5च्या बफरमध्ये सुक्रोज न घालणे. मग लयकारिका मोजणीच्या नळीतच फुटतात. 37 अंशांवर दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका, पटल गळू लागते.

प्रतिसाद ३: वरच्यात एक भर. ‘आत्मघाती पिशव्या’ हे लयकारिकांचे वर्णन मुलांच्या डोक्यात पक्के बसते, पण पेशीच्या नियोजित मृत्यूत मुख्य काम कॅस्पेज विकरांचे असते आणि ती लयकारिकेतली नव्हेत.

लयकारिका न फुटताही आजार होतात. टे-सॅक्स या आनुवंशिक आजारात हेक्सोसॅमिनिडेज ए हे विकर नसल्याने चेतापेशींत जीएम2 गँग्लिओसाइड हा मेद साचत जातो. आय-सेल या आनुवंशिक रोगात विकरे बनतात, पण गॉल्जी संकुलात त्यांच्यावर मॅनोज-6-फॉस्फेटची, म्हणजे लयकारिकेच्या पत्त्याची, खूण चढत नाही, म्हणून ती पेशीबाहेर जातात. तपासणीत ती रक्तात भरपूर दिसतात, तर पेशींच्या लयकारिकांत त्यांचा तुटवडा असतो.