सोनेरी विषारी बेडूक नेमकं खातो काय?

अनघा:
मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गात कोलंबियातल्या सोनेरी विषारी बेडकाचा (फिलोबेटिस टेरिबिलिस) विषय निघाला. एका मुलीने विचारलं, रानात इतका जहरी, मग प्राणिसंग्रहालयात जन्मलेला निर्विष कसा? खाण्यामुळे, एवढं सांगितलं. पण तो खातो काय, आणि विष येतं कशातून?

श्रीरंग (फ्रँकफर्ट):
अनघाताई, माझ्याकडे हेच बेडूक आहेत, काचपेटीत जन्मलेले. त्यांना बिनपंखी फळमाश्या आणि रातकिड्यांची बारीक पिल्लं देतो. माश्या आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवाव्या लागतात, नाहीतर हाडं कमकुवत होतात. दिवसा शिकार करणारा, भलता खादाड प्राणी! काही हललं की जीभ सुटलीच. निपचित पडलेल्या किड्याकडे ढुंकूनही बघत नाही.

या खुराकावर कातडीत विष औषधालाही तयार होत नाही. रानातल्या एका बेडकात मात्र 1 मिलिग्रॅमच्या आसपास बॅट्राकोटॉक्सिन हे जहाल विष असतं. तिथले एम्बेरा आदिवासी शिकारीसाठी फुंकनळीच्या बाणांची टोकं त्याच्या पाठीवर नुसती घासायचे, तेवढं पुरायचं. तिथे तो पाचोळ्यातल्या मुंग्या, छोटे भुंगेरे असलं बारीकसारीक खातो. त्यातलं विष नेमकं कुणाचं, हे संशोधकांना अजून सापडलेलं नाही. संशय भुंगेऱ्यांवर आहे, कारण 2004 साली न्यू गिनीतल्या कोरेसिन नावाच्या भुंगेऱ्यांत याच जातीची विषं मिळाली. तिथल्या पिटोहुई पक्ष्याच्या पिसांतही ती असतात.

मृण्मयी:
हवाईचं उदाहरण वर्गात जरूर सांगा. 1932 मध्ये पनामातले हिरवे-काळे विषारी बेडूक (डेंड्रोबेटिस ऑरेटस) ओआहू बेटावर सोडले. त्यांच्या वंशजांच्या कातडीतली अल्कलॉइडं (म्हणजे विषारी द्रव्यं) आज पनामातल्या भाऊबंदांपेक्षा वेगळी आहेत. जात तीच, किडे वेगळे.

अनघा:
वा, हे मुलांना पटेल. मग काचपेटीत वाढवलेले रानात सोडले तर जात वाचेल?

श्रीरंग:
विष साठवायची ताकद त्यांच्यात शाबूत असते. बंदिवासातल्या ऑरेटसना अल्कलॉइड लावलेल्या फळमाश्या खाऊ घातल्या, तर ती कातडीत साठली. पण त्यासाठी रानात ते किडे हवेत ना! हा बेडूक फक्त काउका भागातल्या पॅसिफिक किनारपट्टीच्या छोट्याशा पट्ट्यात आहे. तिथे जंगलतोड आणि सोन्याच्या खाणी चालू आहेत. झाडं गेली की पाचोळा सुकतो, आणि पाचोळ्याबरोबर त्यातली सगळी किडामुंगी जाते. नुसती बेडकांची पैदास करून भागणार नाही, जमीन वाचवायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्या मुलीला आणखी एक सांगा: रानातून धरून आणलेल्या बेडकाचं विष पेटीत लगेच उतरत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे पिवळा बेडूक समोर आला, तर तो कुठे जन्मला हे कळेपर्यंत हात लावायचा नाही.