ब्रेकची हवा काढून झाली, तरी पेडल खालीच जातंय. मदत हवी आहे (स्विफ्ट 2012, नागपूर)

मनीषनगरवाला:

नमस्कार मंडळी,

गाडी स्विफ्ट, पेट्रोल, 2012 ची, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरच्या घरी काम करून राहिलो आहे. गाडी सध्या जागेवरच उभी आहे आणि पेडल जागेवर आल्याशिवाय गेटबाहेर जाणार नाही, त्यामुळे "आधी गाडी चालवणं थांबवा" हा सल्ला गृहीत धरा.

सुरुवात चिखलदऱ्यापासून झाली. परतवाड्याकडे घाट उतरताना गाडीत पाच जण, वर डिकी ठासून भरलेली. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ पडू लागलं, पाय नेहमीपेक्षा खोल जायचा. बाजूला घेऊन गाडी थंड होऊ दिली, तर ब्रेक पुन्हा ठीक. घरी आल्यावर ब्रेक ऑईलच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं, आत ऑईल काळपट तपकिरी. मागच्या मालकाने ते कधी बदललं असेल असं वाटत नाही.

म्हटलं आता करायचंच तर सगळं करून टाकू. नागपूरच्या घाट रोडवरून सामान आणलं. पुढे त्याच मापाच्या नव्या डिस्क आणि पॅड. रबरी होजच्या जागी स्टीलची जाळी असलेले होज. मागे नवीन लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे). मागचे ड्रम आतून पन्हाळी पडलेले होते, ते ओळखीच्या मिस्त्रीने लेथवर टर्निंग करून दिले आणि लायनरही त्यानेच बसवले. जाता जाता हँडब्रेकची केबलही ताणून दिली, कारण तो फार वर यायचा. टाकीच्या झाकणावर डॉट 3 (ब्रेक ऑईलचा प्रकार) लिहिलं आहे, मी डॉट 4 भरलं. दोन्ही ग्लायकॉलवाली असल्याने चालतात असं वाचलं होतं.

हवा काढायची पद्धत नेहमीचीच. निप्पलला (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडलेलं. भाचा आत बसून दाबतो, मी खालून निप्पल सोडतो, ऑईल आलं की घट्ट करतो, मगच त्याने पाय उचलायचा. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. टाकी मध्ये रिकामी होऊ दिली नाही. आता चारही चाकांवर स्वच्छ ऑईल येतं, बुडबुडा एकही नाही.

तरीही पहिल्या दाबाला पेडल निम्म्याच्या खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. दाबून धरलं तर हळूहळू खाली सरकत नाही, म्हणून मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा मुख्य पंप) रबरी किट गेली असेल असं वाटत नाही. गळती कुठेच नाही. आणखी एक, पेडल जिथे पकडतं तिथे ते कडक आहे, स्प्रिंगसारखं लवचीक लागत नाही.

हवा अजून कुठे अडकली असेल का? आणि दुसरा प्रश्न, ऑनलाइन एकाकडे मोठ्या पिस्टनच्या कॅलिपरची (पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किट मिळते आहे. ती बसवली तर पेडल सुधारेल का?

वर्धारोडवाला:

भाऊ, पुढचे कॅलिपर सुटे केले होते का? डावं-उजवं अदलाबदल होऊन बसलं तर निप्पल खालच्या बाजूला येतं. हवा वर अडकते आणि खालून नुसतं स्वच्छ ऑईल येत राहतं. कितीही ऑईल ओता, पेडल काही येत नाही. एकदा पाहून घ्या.

मनीषनगरवाला:

पाहिलं. दोन्हीकडे निप्पल वरच आहेत.

ग्रीसकाका:

बेटा, हवा हवा करून महागाचं ऑईल नको वाया घालवू. तूच लिहिलं आहे की पेडल खाली पकडते पण कडक पकडते. हवा असती तर शेवटी स्पंजासारखं लागलं असतं. एक काम कर. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे. हँडब्रेक पूर्ण ओढ आणि मग पेडल दाब. नंतर हँडब्रेक सोडून पुन्हा दाब. काय फरक पडते ते सांग.

मनीषनगरवाला:

काका, हँडब्रेक ओढल्यावर पेडल एकदम वर आलं! नवीन गाडीसारखं. सोडला की पुन्हा खाली.

ग्रीसकाका:

मग झालं नं. पुढे काहीच नाही, घोळ मागच्या ड्रममध्ये आहे. हँडब्रेक लायनरला ड्रमच्या जवळ ढकलते, म्हणून पेडलला कमी अंतर तोडावं लागते. हँडब्रेक सुटला की लायनर मागे जाते. मग पहिला दाब सगळा ते अंतर भरण्यातच जाते, आणि दुसऱ्या दाबाला लायनर अजून पूर्ण मागे गेलेलं नसते म्हणून पेडल वर येते.

अंतर इतकं वाढलं कशानं ते पाह्य. टर्निंग केलं की ड्रमचं भोक मोठं होते. त्यात नवीन लायनर बसवताना ॲडजस्टर, म्हणजे लायनर ड्रमपासून किती दूर राहील ते ठरवणारा भाग, पार आत घेतला असेल. तो आपोआप वाढायला पाहिजे, पण वाढत नाही, कारण केबल ताणलेली आहे. केबल ताणली की आतला लिव्हर आपल्या मूळ जागेवर परत येत नाही आणि ॲडजस्टरला दात पुढे घ्यायला जागाच राहत नाही. हँडब्रेक दुसऱ्या दातावर पकडते म्हणून मालक खूश, आणि पेडल बिचारं जमिनीला टेकते. नागपुरात अर्ध्या गाड्यांची हीच कथा आहे.

केबल पूर्ण ढिली कर. ड्रम काढ, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर फिरवून लायनर इतकं बाहेर आण की ड्रम चढवताना जेमतेम घासून बसलं पाहिजे. मग पेडल बऱ्याच वेळा दाब, आतला सेल्फ ॲडजस्टर स्वतः जागा घेते. चाक हाताने मोकळं फिरते की नाही पाह्य. केबल सगळ्यात शेवटी, तीही जेमतेम.

ड्रम काढल्यावर व्यास मोज. कमाल व्यास बहुतेक ड्रमवरच कोरलेला असते. टर्निंगनंतर त्याच्या पुढे गेला असेल तर ड्रम भंगारात, दयामाया नको. आणि आतलं काही पेट्रोल-डिझेलने धुऊ नको, व्हील सिलिंडरचं रबर फुगते. गाडी जॅक स्टँडवर घे, विटांवर नाही.

मेळघाटचा_वाटसरू:

किटचं मी सांगतो. मोठ्या पिस्टनला भरायला जास्त ऑईल लागतं आणि ते ढकलणारा मास्टर सिलिंडर तुमचा तोच. म्हणजे पेडल आणखी खाली जाणार. शिवाय पुढचा जोर वाढला की पुढचं-मागचं संतुलन बिघडतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी लॉक होतात, आणि एबीएस नसल्यावर स्टिअरिंग नुसतं हातात. कायद्याचंही पाहा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न यावरच काढेल.

घाटात तुमचं काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे. पॅड तापून थकले असते तर पेडल कडकच राहिलं असतं, फक्त गाडी थांबली नसती. पेडल मऊ पडलं, म्हणजे ऑईल उकळून आत वाफ झाली. हे ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश, पण पाणी मुरल्यावर ती मर्यादा 140 पर्यंत खाली येते. डॉट 4 ला हेच आकडे 230 आणि 155. म्हणजे जुनं ऑईल काढलं तिथेच खरं काम झालं. जाळीच्या होजने थोडा फरक पडेल, डिस्क मात्र उगाच बदलल्या असं माझं मत. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिन अर्ध काम करतं.

डॉट 5 मात्र यात चुकूनही टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं. उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. पत्र्यावर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाणी ओता, रंग उचलतो.

मनीषनगरवाला:

काका, केबल ढिली करून दोन्ही ॲडजस्टर वाढवले. डावीकडचा तर पूर्ण आत होता. पेडल आता हँडब्रेक न ओढताही वर पकडतं. किटचा विचार सोडला. एक अडचण, उजव्या ड्रमवरचा आकडा गंजाने वाचता येत नाही. डाव्यावरचाच आकडा धरून मोजू का?

ग्रीसकाका:

दोन्ही ड्रम एकाच कंपनीचे, एकाच पार्ट नंबरचे असतील तर धर. वेगळे असतील तर तार ब्रश मारून आकडा वाच, अंदाजाने नको. आणि पहिली चक्कर सोसायटीच्या आतच, पायी चालण्याच्या वेगाने.