रोमन मंचक: सोबतीची बैठक की मानाची उतरंड?

मूळ मत:
प्राचीन रोमन लोक आडवे होऊन जेवत, ही गोष्ट बहुधा ऐषारामाचा नमुना म्हणून सांगितली जाते; माझ्या मते मात्र त्या मंचकांचे खरे काम माणसांची प्रतवारी लावणे हेच होते. ट्रिक्लिनियम, म्हणजे तीन मंचकांच्या भोजनकक्षात, एकेका मंचकावर तिघे असे नऊ जण डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने जेवत. मधल्या मंचकाची शेवटची जागा सर्वांत मानाची असे आणि तिला लागूनच यजमान असे. ज्याचा एक हात देहाचा भार पेलण्यातच गुंतला आहे, त्याला वाढायला आणि हातावर पाणी घालायला गुलाम लागणारच. पाँपेई या प्राचीन रोमन शहरातील खानावळींच्या भिंतींवर रंगवलेली साधी गिऱ्हाइके मात्र स्टुलांवर बसलेली आहेत.

प्रतिसाद १ (असहमत):
आपण उतरंड पाहिलीत, पण सोबत पाहिली नाहीत. तीन बाजूंना मंचक आणि मधोमध लहानसे मेज, अशा मांडणीत नऊही जणांना एकमेकांचे बोलणे ऐकू येते. पाहुणे तिनांहून कमी नसावेत आणि नवांहून अधिक नसावेत, असे रोमन विद्वान व्हारो सांगतो, कारण गर्दी झाली की गोंगाट होतो. पाँपेईतच एका घराच्या बागेतील बांधीव मंचकांमागे भिंतीवर पाहुण्यांसाठी सूचना रंगवल्या होत्या: चादर जपा, दुसऱ्याच्या बायकोकडे टक लावून पाहू नका, भांडण टाळा, नाही तर आपल्या घरी जा. ही काळजी पंगत सुखाने पार पडावी म्हणून घेतलेली आहे.

मूळ लेखकाचे उत्तर:
त्याच भिंतीवरची पहिली ओळ आपण गाळलीत. पाय पाण्याने धुतले जावेत आणि ओले पाय गुलामाने पुसावेत, असे ती म्हणते. पंगतीच्या सुखाची सुरुवातच तिथून होते.

प्रतिसाद २:
गुलामांबद्दलचे म्हणणे मला पटते, परंतु ही प्रतवारी कायमची ठरलेली नव्हती. पूर्वी पुरुष रेलून आणि स्त्रिया बसून जेवत, असे इ. स. च्या पहिल्या शतकातील व्हॅलेरियस मॅक्सिमस लिहितो. त्याच्या काळापर्यंत स्त्रियाही मंचकावर आल्या होत्या, आणि जुनी रीत उरली होती ती ज्युपिटरच्या मेजवानीत, जिथे देवाला मंचक आणि जूनो व मिनर्व्हा या देवींना खुर्च्या मांडत. शिवाय बसणे म्हणजे नेहमीच हलकेपणा असेही नव्हे. इ. स. पू. 48 मध्ये फार्सालसच्या लढाईत ज्युलियस सीझरकडून आपल्या पक्षाचा पराभव झाल्याची बातमी कळल्यापासून रोमन राजकारणी धाकटा केटो बसूनच जेवू लागला आणि झोपण्यापुरताच आडवा होई, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो.