चार नगरसेवकांचा प्रभाग: अल्पसंख्याकांचं मत जातं कुठे?

पूर्वभाग (धागाकर्ता):
मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. पुण्यात २०१७ पासून बहुतेक प्रभागांत चार. पण अ, ब, क, ड या चारही जागांची लढत वेगळी आणि मतदार मात्र तेच. समजा, प्रभागात ४० हजार मतदान झालं आणि त्यातले १२ हजार एका मुस्लिम किंवा बौद्ध वस्तीतले. बाकीच्या २८ हजारांनी ठरवलं, तर ही वस्ती एकाच दिवशी चारदा हरते. छोट्या प्रभागात हीच वस्ती बहुमतात असती. अनुसूचित जातीची राखीव जागा असली, तरी त्या जागेवर कोण बसणार हे बाकीचेच ठरवतात. १९३२ च्या पुणे करारापासूनचं (स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या, पण मत सगळ्यांचं) हे दुखणं आपण प्रभागाप्रभागात नेऊन ठेवलंय. एक प्रभाग, एक नगरसेवक हवा.

कट्टेकरी:
साफ असहमत. एकसदस्यीय प्रभागात नगरसेवक स्वतःच्या गल्लीपलीकडे बघत नाही. मोठ्या प्रभागात पॅनेल बांधताना पक्षाला सगळ्या समाजांकडे जावंच लागतं. शिवाय पुण्यातले ख्रिस्ती, शीख एका वस्तीत राहतात का? विखुरलेल्यांना तुमचा छोटा प्रभाग काय देणार?

पूर्वभाग:
आजचा मोठा प्रभाग तरी काय देतो? पॅनेलमधून आलेला माणूस पक्षाचा मिंधा असतो. वस्तीवर कारवाई निघाली की तो सभागृहात तोंड उघडत नाही, कारण पुढचं तिकीट वस्तीच्या हातात नसतं.

निळीशाई:
दोघेही प्रभागाच्या आकारावर भांडताय. खरी मेख मत देण्याच्या पद्धतीत आहे. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांसाठी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि एकत्रित मतदान सुचवलं होतं: जागा जितक्या तितकी मतं, आणि हवी तर सगळी एकाच उमेदवाराला.

वरचाच हिशेब करा. १२ हजारांनी चारही मतं एकाला दिली तर ४८ हजार. २८ हजारांची होतात १ लाख १२ हजार. चौघांत सारखी वाटली तर प्रत्येकी २८ हजार. तीन जागा त्यांच्या, एक वस्तीची. विखुरलेल्यांनाही हे जमतं, एका गल्लीत राहायची गरज नाही. अमेरिकेत अलाबामातल्या चिल्टन काउंटीने १९८८ मध्ये सात जागांसाठी हीच पद्धत घेतली आणि तिथल्या अल्पसंख्य कृष्णवर्णीयांचा प्रतिनिधी निवडून आला.

कट्टेकरी:
म्हणजे गठ्ठा मतांना कायद्याचा शिक्का! उद्या प्रत्येक जात आपला एकेक माणूस उभा करेल, रस्ते-पाणी बाजूलाच राहील.

निळीशाई:
गठ्ठा आजही आहे, दादा. फक्त मोठा गठ्ठा चारही जागा नेतो आणि त्याला आपण विकास म्हणतो.

गल्ली_सात:
मतदान केंद्रावर काम केलंय म्हणून सांगते. चार रंगांच्या मतपत्रिका, चारही जागांवर बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. म्हाताऱ्या बायका एकच बटण दाबून निघतात, त्यांना परत बोलवावं लागतं. त्यात ‘तीन मतं याला, एक त्याला’ कसं समजावणार?

निळीशाई:
ताई, चारही जागांची एकच यादी असेल तर उलट सोपं. आवडत्या चिन्हासमोर चारदा बटण. राखीव जागेवर त्या प्रवर्गातला सर्वाधिक मतांचा उमेदवार आधी घ्यायचा; १९५२ च्या लोकसभा निवडणुकीतल्या द्विसदस्यीय मतदारसंघांत तसंच होतं.

कट्टेकरी:
आणि त्याच १९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेब हरले, हेही सांगा की.

निळीशाई:
सांगतो ना. तेव्हा दोन मतं होती, पण दोन्ही एकालाच द्यायची सोय नव्हती.