ओली भिंत आणि लेवीय १४: घरच्या प्रार्थनेत हे मनन देऊ का?

भिंतवाला
सलाम सगळ्यांना. जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

नगरला आमचं जुनं घर आहे, मधल्या खोलीची बाथरूमला लागून असलेली भिंत तीन वर्षं ओली. दर नाताळाच्या आधी मी तिथं पुट्टी मारायचो, वरून रंगाचे दोन हात, आणि तरी डाग दिसलाच तर पप्पांच्या वेळची "ख्रिस्त या घराचा मस्तक आहे" ही फ्रेम बरोब्बर त्याच्यावर. कॅरलवाली पोरं यायची, करंज्या चिवडा खाऊन जायची, कोणाला काही कळायचं नाही. उन्हाळा लागायच्या आत परत फुगे, पापुद्रे आणि फरशीवर पांढरी भुकटी.

यंदा फ्रेम काढली तर मागचा पुठ्ठा काळा पडलेला, कुबट वास, आणि खिळा नुसत्या बोटानं बाहेर आला. मग म्हटलं आता होऊनच जाऊ दे. तोंडाला रुमाल बांधला आणि पत्ती घेऊन खरवडायला बसलो. माझा क्रीम, त्याखाली माझाच क्रीम, त्याखाली पप्पांचा पिस्ता, त्याच्याखाली चुना, आणि शेवटी वीट, ती पण बिस्किटासारखी भुगा होणारी. दोन रात्री गेल्या, खांदा आखडला, नाकातून अजून लाल धूळ निघतीये.

आता खरा प्रश्न. आमच्या मंडळीतल्या एक मावशी आल्या, भिंत बघितली आणि आईला म्हणाल्या, घराला चट्टा पडला म्हणजे घरात काहीतरी पाप लपलंय, बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा १४वा अध्याय काढून वाचा. पप्पा गेले त्याला अजून वर्ष नाही झालं. आई दोन दिवस नीट जेवली नाही. आणि शनिवारी प्रार्थना आमच्याच घरी, मनन, म्हणजे वचनावर चार शब्द बोलायचं, ते माझ्याकडे. हाच उतारा घेऊ का? त्यात खरंच तसं लिहिलंय का? मी काही सेमिनरीवाला नाही.

पाळकीणबाई
भाऊ, आधी आईंना सलाम सांगा आणि जेवायला घाला.

३३ ते ५३ ओव्या सावकाश वाचा. हे इस्राएल लोक अजून तंबूत राहतायत, भिंत कोणाकडेच नाही, आणि देव त्यांना कनान देशातल्या दगडी घरांबद्दल आधीच सांगून ठेवतोय. चट्टा मीच पाडीन असं तो स्वतः म्हणतो (३४). घरमालकानं काय पाप केलं याबद्दल एक अक्षर नाही. मालकानं काय करायचं? याजकाकडे, म्हणजे त्यांच्या पुरोहिताकडे जायचं आणि म्हणायचं, माझ्या घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय. बस, स्वतः निकाल लावायचा नाही. आणि मला सगळ्यात आवडते ती ३६वी ओवी. याजक आत जाण्याआधी सामान बाहेर काढायला सांगतात, का तर त्यानं अशुद्ध ठरवलं की घरातलं सगळंच अशुद्ध ठरेल म्हणून. गरिबाची भांडीकुंडी वाचवायची काळजी आहे हो ती! मग सात दिवस घर बंद, मग खराब दगड काढायचे, भिंत आतून खरवडायची, ती माती गावाबाहेर टाकायची, नवे दगड, नवा गिलावा. घर पाडायचं ते इतकं करूनही चट्टा परत आला तरच.

मावशींनी बहुतेक मधलंच वाचलं.

खरंतेबोला
ताई, इतकं मऊ करू नका. ५३ व्या ओवीत घरासाठी प्रायश्चित्त म्हटलंय. आणि अंगावरचा चट्टा म्हणजे कोड, ते मिर्यामला का आलं, गेहजीला का, उज्जीया राजाला का? पापामुळेच ना. मावशी बोलल्या वाईट पण अगदीच हवेत नाही बोलल्या.

पाळकीणबाई
तिन्ही दाखले बरोबर. पण तिथं शास्त्र स्वतःच कारण सांगतं. मिर्याम मोशेविरुद्ध बोलली, गेहजीनं नामानाकडून खोटं बोलून चांदी आणि कपडे घेतले, उज्जीया धूप जाळायला मंदिरात घुसला. इथं कारण सांगितलेलं नाही, मग ते आपण दुसऱ्याच्या घरात जाऊन का भरायचं? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा येशूनं हेच विचारलं, ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला (लूक १३). "नाही" म्हणाला, आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच म्हणाला तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे बोट फिरून आपल्याकडेच.

साईटवरचा_माणूस
मननाचं तुम्ही बघा, मी भिंतीचं सांगतो. पांढरी भुकटी म्हणजे लोणा, विटेतला खार पाण्याबरोबर बाहेर येतो. पाणी थांबल्याशिवाय जगातली कुठलीही पुट्टी टिकत नाही, डबा कितीही महाग घ्या. दोन दिवस बाथरूम पूर्ण बंद ठेवा, मग नहाणीच्या जाळीचं तोंड गच्च बंद करून वर इंचभर पाणी साठवा आणि बघा भिंत कुठून ओली होते. जुन्या घरात निम्म्या वेळा नहाणी ट्रॅपचा (जाळीखालच्या भांड्याचा) जोडच गेलेला असतो. दुरुस्ती झाली की भिंत सुकू द्या, मग प्लास्टर, सात दिवस तरी पाणी मारा, आणि रंगाला महिनाभर हात लावू नका. घाई केलीत तर पुढच्या वर्षी इथंच भेटू.

बाकी यहेज्केल १३ बघा, खोट्या संदेष्ट्यांना म्हटलंय, कच्च्या भिंतीला चुना फासणारे. ठेकेदारांसाठीच लिहिलंय असं मला कायम वाटतं 😄

वसईकर
आम्ही कॅथलिक, पण हे वाचून हसू आलं. आमच्याकडे पावसात भिंतीला ओल नाही असं घर दाखवा, मग तर सगळी वसईच पापी!! पण फ्रेमचं जे लिहिलंय ना तुम्ही, मनन तिथंच आहे बघा. मला माझं कपाट आठवलं, त्यामागं काय आहे ते सांगत नाही.

भिंतवाला
अपडेट. ट्रॅपचाच जोड निघाला, प्लंबर अर्ध्या तासात मोकळा, मी तीन वर्षं रंग फासत बसलेलो.

शनिवारी भिंत तशीच उघडी ठेवली, विटा दिसतायत, खाली गोणपाट. मावशी पण आल्या होत्या. मी ३५वी ओवी वाचली आणि एवढंच बोललो की पाप आईचं नाही, पप्पांचं नाही, ओल झाकत मी होतो, आणि झाकायला प्रभूचंच नाव वापरलं. पुढं बोलता येईना म्हणून गीत घ्या म्हटलं. मावशी जाताना आईशेजारी बराच वेळ बसल्या, काय बोलल्या विचारलं नाही. रात्री आईनं दोन भाकरी खाल्ल्या.

आता सकाळ संध्याकाळ प्लास्टरला पाणी मारतोय. नाताळापर्यंत रंग काही होत नाही, कॅरलवाल्यांना यंदा सिमेंटच बघावं लागणार. फ्रेमचा पुठ्ठा बदललाय, सध्या आईच्या कपाटाला टेकवून ठेवलीये.

साईटवरचा_माणूस
फ्रेम परत लावाल तेव्हा समोरच्या सुक्या भिंतीवर लावा. आणि खिळा नको, ड्रिल करून रावळप्लग घाला.